बॅटरी नवीन, तरी सकाळी नुसतं टक टक

मागच्या जुलैतली गोष्ट आहे. माझी बाईक दीडशे सीसी, 2014चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, आणि किक नाही, त्यामुळे सेल्फ गेला की विषय संपला, ढकलायला माणूस शोधत बसायचं. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री कागल एमआयडीसीतनं कोल्हापूरला यायचं, वीसेक किलोमीटर, गाडी झकास चालायची, आणि सकाळी बटण दाबलं की रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) नुसता टक टक टक.

बॅटरीला तीन वर्षं झालीच होती, म्हणलं गेली असेल. 9 अँपिअर-अवरची नवीन टाकली, पंधराशे गेले, जुनी एक्स्चेंजमध्ये दिली तिचे 300 आले. आठवडा मस्त गेला. त्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट होती हे मात्र तेव्हा डोक्यातच आलं नाही. शिफ्ट बदलली आणि तिसऱ्या सकाळी परत टक टक.

मग गॅरेजच्या वाऱ्या. पहिल्या मामांनी बॅटरीला मीटर लावला, रेस केली, 13.9 व्होल्ट दिसलं, "दादा, चार्जिंग एकदम ओके आहे, तुम्ही रात्री चावी चालू ठेवत असाल." आता काय बोलायचं. दुसऱ्यानं तर चालू गाडीत बॅटरीची वायर काढायला हात घातला, गाडी चालू राहते का बघू म्हणे. त्याला थांबवलं, कारण बॅटरी सुटली की व्होल्टेज भडकतं आणि सीडीआय (स्पार्क देणारं युनिट), मीटर काहीही उडू शकतं. जुन्या गाड्यांवर चालून गेलं असेल, पण तुम्ही कुणाला करू देऊ नका. तिसऱ्यानं न बघताच सांगितलं, मॅग्नेट खोलायला लागेल, कॉइल (इंजिनवर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या आतली, वीज तयार करणारी) आणि रेक्टिफायर (त्या एसीचं डीसी करून बॅटरीला देणारा) मिळून चारेक हजार. तिथनं निघालो ते थेट इलेक्ट्रिकच्या दुकानात, साडेतीनशेचा मल्टीमीटर घेतला.

शनिवारी रात्री बॅटरी काढून चार्जरवर फुल्ल केली, रविवारी सकाळी लावली तेव्हा 12.7. सेल्फ मारताना 10.4 पर्यंत खाली आली, म्हणजे बॅटरीत दम आहे. गाडी चालू करून चार हजारला रेस, 13.9. मामा खोटं बोलत नव्हते. मग म्हणलं कुठंतरी करंट खात असेल, चावी बंद करून निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावला तर दीड मिलीअँपिअर. एवढ्यानं 9 अँपिअर-अवरची बॅटरी उतरायला आठ महिने लागतील, एका रात्रीत नाही उतरत.

मग कॉइल. सीटखाली कॉइलकडनं येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा खटका) असतो, तो सोडवायचा, गाडी बॅटरीवर चालू करायची आणि कॉइलच्या बाजूनं दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्ट बघायचे (मीटर एसीवर ठेवा, आणि वायरींना हात लावू नका, शॉक बसतो). तिन्ही जोड्यांना साठच्या आसपास, सारखे. इथं आकडा किती येतो त्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. गाडी बंद करून प्रत्येक पिवळी ते बॉडी कंटिन्यूटी (करंट जायला वाट आहे का ते) बघितली, काही नाही, म्हणजे कॉइल बॉडीला चिकटून अर्थ झालेली नाही. मॅग्नेट खोलायचे पैसे वाचले.

आता मात्र डोकं चालेना. बाहेर धो धो पाऊस, पार्किंगमध्ये अंधार, कपलर परत जोडला, मीटर डीसीवर करून बॅटरीला लावला, गाडी चालू केली, पण काही दिसेना म्हणून गाडीचाच हेडलाइट लावला आणि सहज मीटरकडं बघितलं तर 12.8! रेस वाढवली तरी 12.8. लाइट बंद, 13.9. लाइट चालू, 12.8. इंडिकेटर लावला, ब्रेक दाबला की अजून खाली. तेव्हा ट्यूब पेटली. दिवसा गाडी हेडलाइटशिवाय चालते तेव्हा थोडं तरी चार्ज होतं, रात्री होतच नाही, आणि मामांनी चेकिंग केलं भर दिवसा, लाइट बंद ठेवून. 2017 नंतरच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालूच असतो, तिथं हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

रेक्टिफायर मागवायच्या बेतातच होतो, पण आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एक भाऊ आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अरे थांब, आधी ड्रॉप बघ." म्हणजे वायरीत मधेच किती व्होल्ट गळतात ते: मीटर डीसीवर, एक प्रोब रेक्टिफायरमधनं निघणाऱ्या लाल वायरीच्या पिनला, दुसरा बॅटरीच्या प्लसला, गाडी चालू, हेडलाइट चालू. मधली वायर चांगली असेल तर जवळजवळ शून्य यायला पाहिजे, पॉइंट दोन-तीन म्हणजे लय झालं. माझ्याकडं 1.6 व्होल्ट आलं. निगेटिव्ह बाजूला काहीच नाही. रेक्टिफायर बिचारा 14.4 देत होता, मधेच कुणीतरी खात होतं.

प्रोब थोडा थोडा पुढं सरकवत गेलो तर साइड पॅनलच्या आत, टेपमध्ये गुंडाळलेला कपलर सापडला. टेप काढली तर प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलेलं, पिन हिरवी, बोट लावलं तर चटका. पावसाचं पाणी, गंज, त्यामुळे कॉन्टॅक्ट खराब, त्यामुळे गरम, गरम झालं की अजून खराब. लोड जेवढा जास्त तेवढा ड्रॉप जास्त, म्हणून लाइट लावला की बोंब.

जळका भाग कापला, नवीन कपलर, नवीन पिना, दाबून वर सोल्डर, सगळं मिळून साठ रुपये. परत मोजलं, हेडलाइट लावून 14.2, ड्रॉप 0.1. त्यानंतर अख्खा पावसाळा सेकंड शिफ्ट केली, एकदाही ढकलायला लागलं नाही.

जी 300ला एक्स्चेंजमध्ये दिली ती बॅटरी बहुतेक चांगलीच होती. हे घरी अजून सांगितलेलं नाही.