कुत्र्याच्या दाताखालचे लाकूड

आमची राणी त्या संध्याकाळी पंजाने सारखी तोंड ओरबाडत होती आणि तिची लाळ थांबत नव्हती. दात दुखत असावा, अशा समजुतीने आम्ही तिला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी जबडा उघडला तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढा काटकीचा तुकडा वरच्या दाढांच्या मधोमध, टाळूला घट्ट टेकून आडवा बसलेला दिसला. चिमट्याने तो क्षणात निघाला, पण त्याखालची टाळू सोलवटून लालभडक झाली होती. हाच तुकडा घशात टोचला असता, तर शोधणेही अवघड झाले असते, कारण लाकूड क्ष-किरण चित्रात बहुधा स्पष्ट दिसत नाही.

राणीला लाकूड चघळायला मनापासून आवडते आणि तिचा हा आनंद हिरावून घेणे मला पटत नव्हते. म्हणून योग्य लाकूड कोणते, याचा शोध घेतला. कुत्र्यांना चघळायला विकल्या जाणाऱ्या लाकडाच्या वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाने काहीच ठरत नाही, हे लवकरच लक्षात आले. कण्हेरही नैसर्गिकच आहे आणि तिच्या सालीपासून पानांपर्यंत हृदयाचे ठोके बिघडवणारे विष असते. यू या सूचिपर्णी वृक्षाचीही तीच गोष्ट. पीच, जर्दाळू, चेरी यांच्या कोवळ्या फांद्यांत आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. सुतारकामातून उरलेले तुकडे तर मी घरातही येऊ देत नाही. प्लायवुडमध्ये डिंकाची रसायने असतात, वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिकही असू शकते, आणि रंग किंवा पॉलिश चाटून पोटात जाते ते वेगळेच.

विषारी लाकडे वगळल्यानंतर मी एकच प्रश्न विचारते: हे लाकूड दाताखाली ढलपी होऊन निघते, की त्याचा चोथा होतो? सरळ रेषांचे, सहज चिरणारे लाकूड लांब, टोकदार ढलप्या सोडते. पाइन आणि बांबू मी याच कारणाने टाळते. कॉफीचे लाकूड दाट आणि बारीक पोताचे असते, त्यामुळे ते चिरण्याऐवजी हळूहळू झिजते आणि टोकाशी उसाच्या चोथ्यासारखे मऊ तंतू सुटतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका नावाच्या झुडपाच्या मुळाशी जी गाठ असते, तिच्यातल्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने तीही लांब फाटत नाही. धूम्रपानाचे पाइप याच गाठीपासून घडवतात. ऑलिव्हचे लाकूडही चालते, मात्र ते हातात घेऊन भेगा आणि सुटी साल नीट पाहावी.

पण जे लाकूड फाटत नाही ते कठीणही असते, आणि या अडचणीबद्दल फारसे कोणी सांगत नाही. कुत्र्याच्या दातांवरचे इनॅमल माणसाच्या दातांपेक्षा पातळ असते. वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ, म्हणजे ज्या मोठ्या दाताने कुत्रे कठीण वस्तू फोडते तोच दात, कठीण वस्तूवर जोर दिल्याने उभा चिरतो आणि आतली नस उघडी पडते. म्हणून लाकडाआधी कुत्र्याची चघळण्याची पद्धत पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. राणी पुढच्या पंजात तुकडा धरून कडेने कुरतडते; तिला कॉफीचे लाकूड मानवते. जे कुत्रे दाढांखाली धरून पूर्ण ताकदीने फोडू पाहते किंवा तुकडे गिळते, त्याला मी लाकूड मुळीच देणार नाही. त्याच्यासाठी नखाने दाबल्यावर खूण उमटेल असे रबर बरे. दुधाचे दात असलेल्या पिल्लांना आणि झिजलेल्या दातांच्या म्हाताऱ्या कुत्र्यांनाही हाच नियम लावावा.

आकार मोठाच घ्यावा, जबड्याच्या रुंदीपेक्षा चांगला लांब, म्हणजे तो तोंडात आडवा अडकत नाही आणि सबंध गिळताही येत नाही. आम्ही दहा-पंधरा मिनिटे तिच्याजवळ बसूनच तुकडा देतो. नंतर तो धुऊन पूर्ण वाळवतो, कारण ओलसर लाकडाला बुरशी लागते. शौचात थोडा भुसा दिसला तर चालते. मात्र उलट्या, अन्नावरची वासना जाणे किंवा पोटाला हात लावू न देणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे. तुकडा परत घेताना तो ओढून काढू नये, ओढल्याने कुत्रे तो घाईने गिळण्याची शक्यता असते. आवडीचा खाऊ पुढे केला की राणी स्वतःहून तोंड उघडते.

तिचा सध्याचा तुकडा झिजून माझ्या अंगठ्याहून जरासाच मोठा उरला होता. काल खाऊच्या बदल्यात तो काढून घेतला आणि थेट कचऱ्यात टाकला.