बाल्कनीतून दिसणारं कोर्ट

अटलांटाहून पहाटे सहाला निघालो. चार तासांनी मोन्रोविलला पोचलो तर तिथे नऊच वाजले होते. जॉर्जियाची हद्द ओलांडून अलाबामात शिरलं की घड्याळ तासभर मागे जातं. "बघ, एक तास फुकट मिळाला," वहिनी म्हणाली. गाडी तीच चालवत होती. दादा घरी होता, कारण एका पुस्तकासाठी आठ तास गाडीत बसणं त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. मागच्या सीटवर भाची, नववीतली, मांडीवर शाळेतून मिळालेला कागद आणि हातात हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. माझीही ती कॉलेजपासूनची आवडती कादंबरी. मी पुण्याहून आले होते, महिनाभर राहणार होते, त्यामुळे हा हट्ट मीच धरला होता.

मोठा हायवे सोडला की दुपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि समोरून लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक. मध्येच एक मोकळं शेत लागलं. माझं आजोळ अकोल्याकडचं, त्यामुळे वेचणी झालेली पऱ्हाटी मला लांबूनही कळते. इथे वेचायला यंत्र असतं. शेताच्या कडेला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे अजस्र गोल गठ्ठे पडले होते आणि आसपास चिटपाखरू नव्हतं. याच राज्यात हा कापूस आधी गुलामांनी आणि नंतर त्यांच्या नातवंडांनी पाठ मोडेपर्यंत वेचला, हे त्या रिकाम्या शेताकडे बघून खरं वाटेना.

मोन्रोविल म्हणजे कादंबरीतलं मेकोम. ली इथेच १९२६ मध्ये जन्मली आणि २०१६ मध्ये गेली तीही इथेच. तिचं घर आता नाही. त्या जागी मेल्स डेअरी ड्रीम नावाची, खिडकीतून मिल्कशेक देणारी टपरीवजा जागा आहे. शेजारच्या घरात पुढे लेखक झालेला ट्रुमन कपोटी लहानपणी नातेवाइकांकडे राहायचा. कादंबरीतला डिल त्याच्यावरूनच बेतलेला. त्या घराची एक दगडी भिंत तेवढी उरली आहे. आम्ही मिल्कशेक घेऊन भिंतीपाशी उभे राहिलो. तीर्थस्थळी प्रसाद हातात घेऊन उभं राहावं, तसं.

मग जुनं कोर्ट. बाजारचौकाच्या मधोमध लाल विटांची, घुमटाची इमारत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आता तिचं म्युझियम केलंय. कोर्टरूम वरच्या मजल्यावर. कादंबरीवरच्या १९६२ च्या सिनेमाचं शूटिंग इथे झालंच नाही. हॉलिवूडवाल्यांनी येऊन मापं घेतली आणि स्टुडिओत हुबेहूब खोली उभारली. त्यामुळे आत पाऊल टाकताच वाटतं, आपण इथे आधी येऊन गेलोय. नक्षीदार पत्र्याचं छत, लाकडी बाकं, आणि घोड्याच्या नालेसारखी वळत गेलेली बाल्कनी.

दर वसंत ऋतूत गावकरी या कादंबरीचं नाटक करतात. पहिला अंक बाहेर हिरवळीवर, दुसरा या खोलीत, आणि ज्युरीत बसवायला माणसं प्रेक्षकांतूनच उचलतात. आम्ही नोव्हेंबरात गेलो, तेव्हा ते हुकलं.

भाचीने खाली वकिलांच्या टेबलाशी फोटो काढून घेतला. मी जिना चढून बाल्कनीत गेले. ही काळ्यांची जागा. खाली गोरे, वर काळे, अशी तेव्हाची व्यवस्था. कादंबरीतली मुलं, स्काउट, जेम आणि डिल, खाली जागा नसते म्हणून इथे येऊन बसतात आणि खटला बघतात. एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा टॉम रॉबिन्सनवर आरोप आहे. मारणारा डावखुरा असावा असं पुरावा सांगतो, आणि टॉमचा डावा हात तर यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. तरीही ज्युरी त्याला दोषी ठरवते. अ‍ॅटिकस फिंच, टॉमचा वकील आणि स्काउट-जेमचा बाप, कोर्टातून बाहेर पडताना बाल्कनीतली सगळी काळी माणसं उभी राहतात. विसाव्या वर्षी त्या पानावर मी ढसाढसा रडले होते.

आता त्याच बाकावर बसल्यावर मला भलतंच दिसायला लागलं. उभी राहिली ती माणसं कोण होती? त्यांचा टॉम नुकताच दोषी ठरला होता आणि त्यांना उभं राहायचं होतं ते हरलेल्या वकिलासाठी. पानभर आपण अ‍ॅटिकसच्या पाठीकडे बघत राहतो. बाल्कनीतल्या, पाद्री सोडला तर, जवळजवळ कुणाचंही नाव लक्षात राहत नाही. अकोल्याच्या वाड्यात वळचणीला एक वेगळी कपबशी असायची आणि आजी फार प्रेमळ होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात होत्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्यांना ही बाल्कनी समजावून सांगावी लागली नसती.

हार्पर लीला हे सगळं कल्पनेतून रचावं लागलं नव्हतं. तिचे वडील इथेच वकील. १९१९ मध्ये त्यांनी एका दुकानदाराच्या खुनाच्या आरोपातून दोन काळ्यांना, बाप-लेकांना, वाचवायचा प्रयत्न केला. दोघेही फासावर गेले आणि वडिलांनी पुन्हा फौजदारी खटला घेतला नाही. ली सात-आठ वर्षांची असताना वॉल्टर लेट नावाच्या काळ्या माणसावर याच परिसरात बलात्काराचा आरोप आला, मृत्युदंड झाला, गव्हर्नरने तो जन्मठेपेवर आणला. तोवर त्या माणसाचं मन ढासळलं होतं. १९३७ मध्ये तो क्षयाने गेला.

इथपर्यंत सगळं 'तेव्हाचं' म्हणून सोडून देता येतं. पण पुस्तक १९६० मध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, ते शाळाशाळांत शिकवलं जाऊ लागलं, आणि १९८७ मध्ये याच मोन्रोविलमधल्या एका खुनासाठी वॉल्टर मॅकमिलियनला पकडलं. लाकूडतोडीचा धंदा करणारा काळा माणूस. खून झाला त्या वेळी त्याच्या घरी मासे तळून विकायचा कार्यक्रम चालला होता. तो घरीच होता हे सांगणारे साक्षीदार पुष्कळ, पण बहुतेक काळे. खटला सुरू होण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांत नेऊन ठेवलं. खटला गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हलवला. बारा जणांच्या ज्युरीत अकरा गोरे. दीड दिवसात निकाल. ज्युरीने जन्मठेप सुचवली, ती न्यायाधीशांनी बाजूला सारली आणि मृत्युदंड दिला. अलाबामात न्यायाधीशाला हा अधिकार थेट २०१७ पर्यंत होता. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने झुंज दिली आणि १९९३ मध्ये मॅकमिलियन सुटला. टॉमपेक्षा नशीबवान म्हणायचा. स्टीव्हन्सन काळा आहे. या खऱ्या गोष्टीतला वकील बाल्कनीतून खाली उतरून आला होता.

हे मी भाचीला गाडीत सांगितलं. ती ऐकत होती, एकीकडे कागद भरत होती. मी कागद मागून घेतला. स्काउट काय शिकली? जेम काय शिकला? शेजारच्या बू रॅडलीकडून मुलांना कोणता धडा मिळाला? नऊ प्रश्न होते.

"टॉमवर एकही प्रश्न नाही?"

"तो मरतो ना, आत्या."

मरतो. तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या.

वहिनीने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

परतीच्या वाटेवर माँटगोमेरीला थांबलो. स्टीव्हन्सनच्या संस्थेने २०१८ मध्ये तिथे टेकडीवर स्मारक उभारलंय, जमावाने ठार मारलेल्या काळ्या माणसांचं. गंजलेल्या रंगाच्या पोलादाचे आठशेच्या वर स्तंभ, प्रत्येकावर काउंटीचं नाव आणि मारलेल्यांची नावं, तारखा. सुरुवातीला ते आपल्यासमोर उभे असतात. पुढे जमीन उतरत जाते, स्तंभ तिथेच राहतात, आणि काही पावलांत ते डोक्यावर लटकत असतात. ज्यांचं नावच सापडलं नाही, त्यांच्या जागी 'अज्ञात' लिहिलंय. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. वहिनी एका स्तंभाखाली बराच वेळ नुसती उभी होती.

बाहेर याच स्तंभांच्या प्रती ओळीने आडव्या ठेवल्यात, शवपेट्यांसारख्या. त्या त्या काउंटीने यावं, आपली प्रत न्यावी आणि आपल्या गावात उभी करावी, अशी कल्पना आहे. भाची पुढे पळत गेली, वाकून नावं बघत. बऱ्याच वेळाने तिने हात वर करून हाक मारली. मोन्रो, म्हणजे मोन्रोविलची काउंटी, सापडली होती. ती गुडघ्यावर बसून एकेक नाव तिच्या अमेरिकन उच्चारांत मोठ्याने वाचत होती.

तेवढ्यात दादाचा फोन आला. कुकर किती वाजता लावू, म्हणून विचारत होता.