इन्क्लूड केलेल्या फाइलीला व्हेरिएबल कसे द्यावे

पीएचपीमध्ये एखादे पान हेडर, मेनू आणि फूटर अशा फाइलींत विभागून इन्क्लूडने जोडले, की ज्या ओळीवर इन्क्लूड लिहिलेले असते त्या ओळीपर्यंत तयार झालेली सगळी व्हेरिएबल आतल्या फाइलीला आयती मिळतात. मुख्य पानात आधी शीर्षक ठरवावे, मग हेडर इन्क्लूड करावे, एवढे पुरते. ही सोय इतकी अंगवळणी पडते की तिच्यामागचा नियम पाहायचे राहून जाते.

नवशिके अनेकदा हेडरच्या फाइलनावापुढे प्रश्नचिन्ह देऊन शीर्षक जोडतात, कारण ब्राउझरच्या पत्त्यात तसे चालते. मात्र इन्क्लूड त्या प्रश्नचिन्हासकट संपूर्ण मजकूर हेच फाइलचे नाव समजते आणि तशी फाइल न सापडल्याने वॉर्निंग देते; इन्क्लूडचेच कडक रूप असलेले रिक्वायर वापरले असेल तर पान तिथेच थांबते.

याहून अवघड दुखणे उलट्या दिशेचे आहे. आतल्या फाइलीला बाहेरची व्हेरिएबल नुसती वाचता येतात असे नाही, ती बदलताही येतात. समजा, मुख्य पान ‘आय’ हे व्हेरिएबल शून्यापासून वाढवत दहा बातम्या छापते आहे आणि प्रत्येक फेरीत बातमीची चौकट इन्क्लूड होते. त्या चौकटीतही बातमीचे तीन टॅग छापायला कोणी ‘आय’ घेऊनच फॉर लूप लिहिला, तर चौकट संपताना ‘आय’ची किंमत तीन झालेली असते, बाहेरचा लूप ती चार करतो, आणि पहिल्या बातमीनंतर थेट पाचवी बातमी येते. पुढच्या फेरीत पुन्हा तीन, पुन्हा चार. पाचवीच बातमी छापली जात राहते. दोन्ही फाइली स्वतंत्रपणे वाचल्या तर निर्दोष दिसतात आणि पीएचपीच्या दृष्टीनेही यात काही चूक नसते, त्यामुळे दोष शोधायला फार वेळ जातो.

म्हणून टेम्प्लेट, म्हणजे हेडर किंवा चौकटीसारखी आतली फाइल, थेट इन्क्लूड न करता ते एका छोट्या फंक्शनमधून करावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. फंक्शनला फाइलचे नाव आणि लागणाऱ्या किमतींचा ॲरे, म्हणजे नावांसह यादी, द्यावा आणि इन्क्लूड फंक्शनच्या आत लिहावे. इन्क्लूडला त्या ओळीचा स्कोप, म्हणजे व्हेरिएबल ओळखली जाण्याची हद्द, मिळत असल्यामुळे आतली फाइल आता फंक्शनच्या चार भिंतींत राहते आणि बाहेरच्या ‘आय’ला तिचा धक्का लागत नाही. ॲरेमधील किमती एक्स्ट्रॅक्ट या फंक्शनने सुट्या व्हेरिएबलांत मांडता येतात. मात्र ब्राउझरकडून आलेला गेट किंवा पोस्टचा ॲरे त्याला कधीही देऊ नये. रजिस्टर ग्लोबल्स हे पीएचपीचे जुने सेटिंग नेमके हेच करत असे, म्हणजे पत्त्यात लिहिलेले काहीही प्रोग्रॅमचे व्हेरिएबल होऊन बसे. 2002 मध्ये 4.2.0 या आवृत्तीपासून ते मुळात बंद ठेवले गेले आणि 2012 मध्ये 5.4 मधून काढूनच टाकले. काढलेला दरवाजा आपण होऊन पुन्हा बसवण्यात काय अर्थ आहे?

सेटिंग्जच्या फाइलीबाबत आणखी एक खबरदारी हवी. ती फंक्शनच्या आत इन्क्लूड वन्सने, म्हणजे फाइल एकदाच आणणाऱ्या इन्क्लूडने, आणली, तर पहिल्या वेळी सगळे नीट चालते. दुसऱ्यांदा तेच फंक्शन बोलावले की फाइल पुन्हा चालत नाही आणि तिच्यातली व्हेरिएबल रिकामी निघतात, कारण पहिल्या वेळची व्हेरिएबल त्या वेळच्या स्कोपबरोबरच संपलेली असतात. अशा फाइलीने शेवटी रिटर्न करून ॲरे परत करावा आणि तो साध्या इन्क्लूडने एकदा व्हेरिएबलमध्ये घेऊन पुढे हातोहात द्यावा.

प्रत्येक टेम्प्लेटच्या सुरुवातीला त्याला कोणती व्हेरिएबल लागतात हे कॉमेंटमध्ये लिहावे, आणि एखादे राहून गेले तर ते रिकाम्या किमतीने झाकू नये. पीएचपी 8 पासून न ठरवलेले व्हेरिएबल वाचल्यास नोटीसऐवजी वॉर्निंग मिळते. ती विकासाच्या टप्प्यावर पडद्यावर दिसू द्यावी.