मिरज ते निजामुद्दीन, पेंढ्यात बसवलेला रोबोट

रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या टीमनी स्वतः बनवलेल्या रोबोटांची स्पर्धा. तिची राष्ट्रीय फेरी पूर्वी पुण्यात, बालेवाडीला व्हायची. आमचे सीनिअर सांगतात, संध्याकाळी टेम्पो भरायचा, ताडपत्री बांधायची आणि रात्रभरात पुणं गाठायचं. आमच्या वेळेला, 2024 च्या जुलैत, फेरी दिल्लीत त्यागराज स्टेडियमवर होती. म्हणजे गोवा एक्सप्रेसनं मिरजेहून दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस. टीममध्ये माझ्याकडे मेकॅनिकल होतं, त्यामुळे रोबोट धड पोचवायची जबाबदारीही माझ्याकडे आली.

विमानाचा विचार आम्ही केला होता. पण आमची बॅटरी 22.2 व्होल्ट, 5000 एमएएचची. गुणाकार केला की 111 वॉट-अवर होतात. शंभराच्या पुढची बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, तीही माणशी दोनच, आणि हातातल्या सामानातच. शिवाय दोन्ही रोबोट मिळून पन्नास किलोच्या आसपास. खर्चाचा आकडा काढला आणि सगळ्यांनी रेल्वेचं वेळापत्रक उघडलं.

रेल्वेत डब्यात न्यायच्या पेटीचं माप ठरलेलं आहे: 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर. आमची चेसिस, म्हणजे रोबोटचा चाकांसकट सांगाडा, 25 सेंटिमीटरमध्ये बसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे चेसिस लाकडी खोक्यात घालून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या पार्सलच्या डब्यात, आणि कंट्रोल बोर्ड, सेन्सर, बॅटऱ्या आमच्याजवळ, बर्थखाली, असं ठरलं.

खोकं कसं करायचं हे मला मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत कळलं. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना त्याच वर्षी जीआय मानांकन मिळालं होतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथले कारागीर भोपळ्याची नाजूक वाद्यं देशभर पाठवत आलेत. वर्गातला एक मित्र मला त्याच्या ओळखीच्या चाचांकडे घेऊन गेला. मी मोबाइलवर रोबोटचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यात भोपळा कुठला?"

मला आधी कळलंच नाही. मग ते समजावून सांगायला लागले. तंबोऱ्याचं वजन भोपळ्यावर येऊ द्यायचं नाही. त्याला खालून टेकू नाही, बाजूनं दाब नाही. भार मजबूत लाकडावर घ्यायचा आणि भोपळा मोकळा ठेवायचा. "बाहेरच्या ठोकरीनं वाद्य कमी मोडतंय. आत हाललं की मोडतंय."

आमच्या रोबोटचा भोपळा म्हणजे त्याची चाकं. मेकॅनम चाकाच्या कडेला तिरपे छोटे रोलर असतात, आणि उभ्या धक्क्यानं त्यांच्या पिना वाकतात. पिन वाकली की रोबोट सरळ जायचं सोडून एका अंगाला ओढतो. आम्ही चेसिस चाकांवर उभी करूनच पॅक करणार होतो! चाचांकडून आल्यावर खोक्यात चार लाकडी ठोकळे बसवले, ॲल्युमिनियमची फ्रेम त्यांच्यावर टेकवली आणि चाकं तळापासून बोटभर अधांतरी ठेवली. भोवतीच्या मोकळ्या जागेत पेंढा भरायचा होता, पण सुट्या पेंढ्याची कुसळं बेअरिंगमध्ये जातील म्हणून तो पोत्यांत ठासून भरला. पेंढा आणला शिराळ्याच्या दोस्तानं, घरच्या गंजीतून. स्पर्धेचा त्या वर्षीचा विषय व्हिएतनामच्या भातशेतीवर होता. आमचा रोबोट भाताची रोपं लावणार होता, आणि दोस्ताच्या घरी त्याच आठवड्यात खरी लावणी चालली होती. वडिलांना चिखलात सोडून तो आमच्याबरोबर आला होता. हे मी विसरणार नाही.

मिरजेला भर पावसात खोकं चढलं. हमालांनी ते चौघांत मिळून आडवं न करता उचललं, कारण चारही बाजूंना मोठा बाण काढून त्याखाली मराठीत आणि हिंदीत लिहिलं होतं. हे सगळ्या टीमना सांगावंसं वाटतं: इंग्रजी सूचना खोक्यावर शोभते, हमालाच्या उपयोगाची नसते.

मनमाड, भुसावळ, इटारसी, झाशी. गाडी जास्त थांबेल तिथे आमच्यातला एक जण ब्रेकव्हॅनपर्यंत पळत जाऊन खोकं उतरलेलं नाही ना, हे बघून यायचा. बॅटऱ्या प्रत्येक सेलला 3.8 व्होल्टवर आणून, टर्मिनलला टेप लावून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या होत्या. पूर्ण चार्ज केलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी प्रवासात ठेवायची नसते. कोणी शिकवलं नसतं तरी, त्या पिशव्या उशाला घेऊन झोपू नये एवढं आम्हाला कळत होतं. दोघं-दोघं आळीपाळीनं जागलो.

निजामुद्दीनला पहाटे उतरलो. पार्सल सोडवलं, छोटा हत्ती ठरवला. स्टेडियमवर झाकण उघडलं तेव्हा आधी मी चाकं हातानं फिरवून बघितली. चारही चाकं मोकळी फिरली. पण टेस्ट रनला रोबोट दोन मीटरवर थांबायचा तो कधी अलीकडे, कधी पलीकडे थांबायला लागला. सॉफ्टवेअरवाल्यांनी तासभर कोड तपासला. चूक माझी होती. चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या एन्कोडरच्या जोडणीचे दोन बारीक स्क्रू मी थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, न लावता बसवले होते, आणि दीड दिवसाच्या थरथरीत ते सैल झाले होते. स्क्रू काढले, थेंब-थेंब लॉकर टाकला, आवळले. वाळेपर्यंत रोबोटला हात लावायचा नाही म्हणून मीच शेजारी बसून राहिलो. वजनकाट्यावर दोन्ही रोबोट मिळून पन्नास किलोच्या आत भरले आणि तीन मिनिटांच्या पहिल्या सामन्यात रोपं लागली.

परत आल्यावर तेच खोकं, पेंढ्याच्या पोत्यांसकट, चाचांना दाखवायला नेलं. त्यांनी ठोकळ्यांवर फ्रेमचे वळ शोधले. एकाच जागी, स्वच्छ होते.

"आत काय हाललं?"

"दोन स्क्रू, चाचा."

त्यांनी सतारीची एक खुंटी काढून माझ्या हातात दिली आणि ती घट्ट बसावी म्हणून खडू कसा चोळतात ते दाखवायला लागले.