हलव्याच्या परातीतून रंगीत पॉपकॉर्नपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या घरात साखरेचं काम माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालतं. सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळमधल्या असंख्य घरांसारखा आमच्याही घरातला पगार थांबला. तो पुन्हा सुरू झालाच नाही. सासूबाईंना संक्रांतीचा काटेरी हलवा उत्तम यायचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी तो विकायला घेतला. चाळीतली एक खोली, मंद शेगडीवर परात, परातीत तीळ आणि चमच्याने थोडा थोडा सोडलेला एकतारी पाक. बोटांनी हलवत राहायचं, पाक सुकला की पुन्हा चमचाभर. दाण्यावर काटा उभा राहायला काही दिवस जातात, आणि तो थंडीच्या कोरड्या हवेतच नीट येतो. "हवा कोरडी झाली, आता साखर ऐकेल," असं त्या अजूनही म्हणतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा हलव्याचे दागिने ओवायला शिकले, पण परातीला हात लावायला मला तीन वर्षं लागली. पुढे जे काही केलं त्याचं मूळ त्या परातीत आहे, म्हणून सुरुवात तिथून.

जानेवारी २०१९ मध्ये नणंदेच्या मुलाचं बोरन्हाण होतं. बोरं, कुरमुरे, शेंगा, उसाचे करवे, हलवा असं सगळं मुलाच्या डोक्यावरून ओततात. नणंद म्हणाली, "वहिनी, हलवा टोचतो गं त्याला. दिसायला तसंच रंगीत पण हलकं काहीतरी कर ना." मक्याच्या लाह्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. आपल्याकडे लाह्या नागपंचमीला असतातच, साखरफुटाणे जत्रेत असतात. या दोन्हींचा मेळ घालून मी गुलाबी, पिवळे आणि हिरवे पॉपकॉर्न केले. समारंभाला आलेल्या मुलांनी ते जमिनीवरून वेचून संपवले. निघताना दोघीतिघींनी ऑर्डर दिली. आमच्या व्यवसायाची सुरुवात ती.

पहिलं वर्ष शिकण्यात गेलं, आणि सगळ्यात आधी शिकले ते मक्याबद्दल. लाहीचा मका वेगळा असतो, साधा मका तसा फुलत नाही. त्याच्या टणक सालीच्या आत साधारण १४ टक्के ओलावा असतो. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आतल्या पाण्याच्या वाफेचा दाब साल फोडतो आणि पिठूळ गर फुलून बाहेर येतो. उघड्या गोणीतले, वाळलेले दाणे आणले की पातेल्याच्या तळाशी मूठमूठ गणंग, म्हणजे न फुललेले दाणे, राहतात. मी सुरुवातीला आचेला दोष देत होते, दोष होता ओलाव्याचा. असे दाणे बरणीत घालून चमचाभर पाणी शिंपडायचं, झाकण लावून हलवायचं आणि दोन-तीन दिवस ठेवायचे. अर्धे तरी सुधारतात. आता मी करी रोडहून गाडी पकडून मस्जिद स्टेशनला उतरते आणि बंद पाकिटातलेच दाणे घेते. लिक्विड ग्लुकोज (पाकात साखर जमू न देणारं घट्ट, पारदर्शक सिरप), रंग आणि पाऊच क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळतात. एका फेरीत सगळं होतं, परतीच्या गाडीत पिशव्या धरून उभं राहायची तयारी मात्र लागते.

अन्नपदार्थ विकायचा म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्यांना तेव्हा साधी नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला १०० रुपये होती. माझ्यासारख्या अनेकजणी या कागदाला घाबरून लपूनछपून विकतात. घाबरू नका. चौदा आकडी नंबर पाकिटावर छापला त्या दिवशी मी ते पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या हलव्याला असा कागद कधी मिळाला नव्हता.

मग मार्च २०२० आला. बोरन्हाणं, वाढदिवस, शाळेतले कार्यक्रम सगळं बंद. यजमानांचं प्रेसमधलं काम थांबलं. वर्षभर आम्ही घरातल्या घरात प्रयोग केले आणि इमारतीतल्या मुलांना वाटले. त्याविषयी अधिक सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते जुलै २०२१ चं. एका वाढदिवसासाठी साठ पाकिटांची ऑर्डर होती. आदल्या रात्री केलेले पॉपकॉर्न इतके चकचकीत दिसत होते, जणू प्रत्येक लाहीला रंगीत काच चढवली आहे. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी पाकिटं उचलली तर प्रत्येकात एकच गोळा, हाताला चिकटणारा, दाताला ओढणारा. साठच्या साठ गेली. मी पैसे परत केले आणि त्या बाईंची माफी मागितली. त्यांच्या मुलाने आठवडाभर वर्गात सांगून ठेवलं होतं की रंगीत पॉपकॉर्न येणार आहेत. ते मला अजूनही टोचतं.

त्या गोळ्यामागचं कारण शोधण्यात आमचा पुढचा सगळा पावसाळा गेला. मी पाक १५० अंशांपर्यंत नेत होते. थेंब गार पाण्यात टाकला की टक्क मोडतो, तो चिक्कीच्याही पुढचा पाक. तो गार होताना साखरेचे कण जुळून येत नाहीत, साखर काचेसारखी गोठते. ही काच सुंदर दिसते आणि कुरकुरीत लागते, पण हवेतलं पाणी हावरटासारखं ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे ही काच काही तासांत पाघळणारच. त्यात माझी एक चूक होती. पाकात साखर जमू नये म्हणून आपण लिंबू पिळतो. लिंबाच्या आंबटाने साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि फ्रुक्टोज ओलावा सगळ्यात जास्त धरतं. मी चार थेंबांच्या जागी अर्धं लिंबू पिळत होते. पाक दिसायला नितळ व्हायचा, पण पाकीट बंद करायच्या आधीच आत ओलाव्याची सोय मी करून ठेवलेली असायची.

हे सगळं मी सासूबाईंना सांगत बसले होते. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "अगं, पण हलवा कुठे चिकटतो? तू पाकाची साखर होऊ देत नाहीस. आम्ही तीच तर करतो."

मी उठले आणि त्याच वेळी गॅस पेटवला. हलव्यावर, साखरफुटाण्यांवर जे पांढरट, खरखरीत आवरण असतं ते काच नसतं, ती पुन्हा कणाकणांत बसलेली साखर असते. अशी साखर ओलावा खूप कमी ओढते. पाक गोळीबंद झाला की लाह्या टाकायच्या आणि साखर कोरडी पडेपर्यंत घोटायचं, एवढंच. चकाकी जाते, रंग खडूसारखा मऊ दिसतो. पण ऑगस्टच्या भर पावसात ते पाकीट दहा दिवस टिकलं. चाळीस वर्षं आमच्याच ओट्यावर उत्तर होतं आणि मी बाहेर शोधत होते.

तेव्हापासून आमचे दोन प्रकार आहेत. काचेचे पॉपकॉर्न ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंतच. त्यात लिंबाऐवजी लिक्विड ग्लुकोज आणि तयार झाले की लगेच पाकीटबंद. साध्या पातळ पिशवीतून हवेची ओल हळूहळू आत शिरते, म्हणून आतून चंदेरी थर असलेले पाऊच आणि आत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात फक्त साखर बसवलेले, छोट्या पाकिटांत. जुलैमध्ये कोणी कितीही आग्रह केला, जास्त पैसे देऊ म्हणाले, तरी काचेचे देत नाही.

रंगांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. निळा रंग मला वर्षभर जमत नव्हता, दर वेळी शेवाळी हिरवा यायचा. पाक १६० अंशांच्या पुढे गेला की साखर करपण्याकडे वळते आणि पिवळी पडते. त्यात लोणी घातलं की अजून पिवळेपणा, आणि पिवळ्यात निळा म्हणजे हिरवा. खायच्या सोड्यानेही पाक लवकर तांबूस होतो. त्यामुळे कॅरॅमलला लोणी आणि सोडा हवेतच, पण निळ्या-जांभळ्याला बिनवासाचं तेल, सोडा नाही, आणि रंग आच बंद केल्यावर. बिटाचा रंग जास्त उष्णता सोसत नाही, विटकरी होतो. हळद सोसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत म्हातारीच्या केसांमध्ये रोडामाइन-बी सापडलं आणि तिथे त्यांच्यावर बंदी आली. त्या आठवड्यात माझ्या फोनवर एकच प्रश्न होता, तुमच्या गुलाबीत काय आहे? विचारणाऱ्यांचा मला राग आला नाही, आपल्या मुलांच्या पोटात काय जातं हे विचारायलाच हवं. रोडामाइन-बी हा कापड-कागदाचा रंग आहे, खाण्याचा नाहीच. खाण्यासाठी आपल्या देशात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांच्या प्रमाणावरही मर्यादा आहे. सुट्या पुडीतला, नाव नसलेला रंग मी घरात आणत नाही. त्याच महिन्यात मी गुलाबीसाठी बीट आणि पिवळ्यासाठी हळद-केशर सुरू केलं. रंग फिका आला. दोन जुनी गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली.

डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनंतर पॉपकॉर्न एकदम बातम्यांत आले. खारे सुटे ५ टक्के, खारे पाकीटबंद १२, आणि साखर लागली की मिठाईच्या खात्यात, १८ टक्के. आमची उलाढाल ४० लाखांच्या खूपच खाली, त्यामुळे आम्हाला जीएसटीची नोंदणी लागत नव्हती. तरी गिऱ्हाईक विचारायचं, आता महाग होणार का? २२ सप्टेंबर २०२५ पासून गोडाचा दरही ५ टक्क्यांवर आला आणि तो विषय मिटला.

आता घरच्या घरी कसे करायचे ते सांगते. धंद्याची कृती का देतेस, असं यजमानांनी विचारलं. पावसाळ्यात माझं पाकीट दहाव्या दिवशी जसं लागतं त्याहून तुमच्या कढईतलं दहाव्या मिनिटाला छान लागतं, आणि ते मुलांनी खावं असं मला मनापासून वाटतं.

अर्धी वाटी लाहीचा मका, दोन चमचे तेल. जाड बुडाच्या पातेल्यात आधी तीनच दाणे टाका. ते फुटले की बाकीचे घाला, झाकण किंचित तिरकं ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाईल. वाफ आत कोंडली की लाह्या चिवट होतात. फुटण्याचा आवाज दोन-दोन सेकंदांनी यायला लागला की गॅस बंद. लाह्या परातीत पसरा आणि गणंग वेचून काढा. हे काम टाळू नका, साखरेत लपलेला गणंग लहान मुलाच्या दाताला महागात पडतो.

एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय नुसतं गोड लागतं. लिंबू अजिबात नको, इथे साखर जमायलाच हवी आहे. साखर विरघळली की ढवळणं थांबवा. पाच-सहा मिनिटांनी थेंब गार पाण्यात टाकून बघा. बोटांनी घट्ट गोळी वळली की झालं, थर्मामीटर असेल तर ११८ ते १२० अंश. गॅस बंद करा, चिमूटभर हळद किंवा आटवलेला बिटाचा रस चमचाभर, थोडी वेलची. लगेच लाह्या टाका आणि लाकडी उलथन्याने तळापासून वर घ्या. मिनिटभर सगळं ओलं, चिकट दिसेल. तिथेच माणसं घाबरतात आणि सोडून देतात. थांबू नका. अचानक पाक पांढुरका होईल, उलथनं हलकं लागेल, लाह्या सुट्या होऊन कढईत खुळखुळायला लागतील. तो आवाज आला की परातीत ओता.

दोन-तीन रंग हवे असतील तर लाह्या आणि साखर तेवढ्या भागांत वाटून घ्या आणि फिकट रंगाकडून गडद रंगाकडे जा, म्हणजे मध्ये कढई धुवायला लागत नाही. पाक घोटेपर्यंत मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. उकळत्या पाण्यापेक्षा हा पाक जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे. मुलांना परातीतले रंग एकत्र करायचं काम द्या, ते त्यांना आवडतं.

आज आम्ही चौघीजणी आहोत. मी, धाकटी जाऊ आणि चाळीतल्या दोन काकू. शेजारच्या इमारतीतली तळमजल्याची खोली भाड्याने घेतली आहे. सासूबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत, परातीजवळ फार वेळ बसवत नाही. पण नवा घाणा निघाला की पहिली लाही त्यांच्याकडे जाते. दोन बोटांत दाबून बघतात, खातात, आणि नुसती मान हलवतात. मान आडवी हलली तर तो घाणा पाकिटात जात नाही.

संक्रांतीच्या ऑर्डरी १ डिसेंबरपासून घेतो. बोरन्हाणासाठी हवे असतील तर मुलाचं वय सांगा. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी आम्ही पॉपकॉर्न देत नाही, ते घशात अडकू शकतात. त्याच्या डोक्यावर ओतायला साखरेचे कुरमुरे करून देऊ, तेही त्याच रंगांत.