छोट्या ट्रॅक्टरला पकड: चार पर्यायांतून एक जबडा निवडताना

पहिला आठवडा

ट्रॅक्टरच्या पुढे उचलायचे दोन हात, म्हणजे फ्रंट लोडर, बसवून झाला, त्याच्या बकेटने माती आणि खडी भरपूर ओढली. आता खरं काम समोर आहे. बांधाकडेची वाढलेली झुडपं काढायची आहेत, पडलेल्या झाडांचे ओंडके हलवायचे आहेत आणि अधूनमधून दगड उचलायचे आहेत. बकेटमध्ये फांद्या भरल्या की निम्म्या वाटेत सांडतात आणि ओंडका गडगडून खाली येतो. एकदा ओंडका बकेटच्या काठावरून घसरला आणि पुढच्या चाकाला घासून पडला. त्या दिवशी ठरवलं, पकड हवीच.

ट्रॅक्टर २५ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह. अवजार पटकन बदलायची प्लेट लोडरवर आधीच बसवलेली आहे. पर्याय चार निघाले:

पहिला, १५० सेंटीमीटर रुंदीचा, दोन स्वतंत्र वरच्या जबड्यांचा ग्रॅपल (खाली दात आणि वरून मिटणारा जबडा असलेली पकड).
दुसरा, १२० सेंटीमीटरचा, मध्ये एकच जबडा असलेला, खालून मोकळ्या दातांचा ग्रॅपल.
तिसरा, पॅलेट फोर्क (मालाखाली सरकणारे दोन लांब आडवे दांडे) आणि त्यावर वरून दाबणारा क्लॅम्प.
चौथा, आहे त्याच बकेटवर बोल्टने बसणारा पंजा.

पहिल्यांदा मन दोन जबड्यांवरच बसलं होतं. त्याचं कारणही रास्त आहे. एका बाजूला जाड बुंधा आणि दुसऱ्या बाजूला बारीक फांद्या असल्या तरी दोन्ही जबडे आपापल्या उंचीवर थांबतात. दोन्ही सिलिंडर एकाच लाइनवर असले की ज्याला विरोध कमी तो आधी मिटतो, तो टेकला की प्रेशर वाढतं आणि मग दुसरा मिटतो. वेडावाकडा भारा धरायला याहून चांगली रचना नाही.

मामांना आकृती काढून दाखवली. ते आयुष्यभर वेल्डिंग आणि हायड्रॉलिकच्या कामात होते. कागद बघून त्यांनी एवढंच विचारलं, "दाबतो किती ते सांगितलंस. उचलणार किती?"

दुसरा आठवडा: कागदावरचं गणित

मामांच्या प्रश्नाने दोन रात्री घेतल्या. आधी दाबायची ताकद बघू.

माझ्या लोडरचं रिलीफ प्रेशर, म्हणजे तेलाचा जास्तीत जास्त दाब, १६० बार आहे. ५० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटीमीटर भरतं. म्हणजे सिलिंडर ढकलतो जवळजवळ ३२०० किलोच्या बळाने. जबड्याच्या बिजागरीपासून सिलिंडर १८ सेंटीमीटरवर आणि दातांची टोकं ७२ सेंटीमीटरवर धरली, तर टोकाशी त्याचा चौथा भाग पोचतो, ८०० किलो. एका साध्या सिलिंडरचा हा दाब ओल्या सालीत दात रुतवायला पुरून उरतो. म्हणजे पकडीच्या ताकदीची चिंता करायचं कारणच नाही. जाहिरातीत मात्र हाच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो.

आता उचलणं. मॅन्युअलमध्ये दोन आकडे आहेत: पिनांवर (जिथे लोडरला अवजार अडकतं) ४८० किलो आणि पिनांपासून ५०० मिलिमीटर पुढे ३७० किलो. इथे एक गोष्ट आवर्जून तपासा, हा आकडा बकेटसकट आहे की बकेटशिवाय. माझ्या मॅन्युअलमध्ये तो रिकाम्या लोडरचा आहे. म्हणजे प्लेट, अवजार आणि माल, तिन्ही त्यातूनच वजा व्हायचे.

आणि नुसतं वजन वजा करून भागत नाही, अंतरही मोजावं लागतं. दोन्ही आकड्यांवरून हिशेब केला तर लोडरच्या भुजेची लांबी साधारण १.६८ मीटर धरता येते. म्हणजे लोडरची एकूण झेप (वजन गुणिले अंतर) ४८० गुणिले १.६८, सुमारे ८०६ किलो गुणिले मीटर. यातून आधी प्लेटचा वाटा काढला, मग प्रत्येक अवजाराचं वजन गुणिले त्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. जे उरलं त्याला मालाच्या अंतराने भागलं. गुरुत्वमध्य अंदाजाने धरले आहेत, त्यामुळे पाच-दहा किलो इकडे-तिकडे होतील.

दोन जबड्यांचा ग्रॅपल २३० किलोचा. त्याचा स्वतःचा पसाराही पुढे आणि मालही पुढे. हातात उरतात जेमतेम ११५ किलो.
फोर्क, फ्रेम आणि क्लॅम्प मिळून १६० किलो. उरतात १९० च्या आसपास.
बकेट आणि पंजा मिळून १४० किलो. उरतात २१५.
एक जबड्याचा अरुंद ग्रॅपल ११० किलोचा. उरतात २४०.

आता ओंडक्याकडे बघा. ३० सेंटीमीटर व्यासाचा, २.४ मीटर लांबीचा ओंडका ०.१७ घनमीटर भरतो. ताजं, ओलं लाकूड घनमीटरला ९०० ते १००० किलोच्या घरात धरलं, तर हा एकच ओंडका १५० ते १७० किलोचा. दोन जबड्यांचा ग्रॅपल तो घट्ट धरून ठेवेल, पण लोडर तो वर नेणार नाही. तोच ओंडका ४० सेंटीमीटर जाड आणि ३ मीटर लांब झाला की साडेतीनशे किलोच्या आसपास जातो. मग चारही पर्याय बाद, तो जागेवरच कापायचा.

ज्यांच्याकडे ४०–५० एचपीचा लोडर आहे त्यांना या २३० किलोंचं काहीच वाटणार नाही, त्यांनी दोन जबडे खुशाल घ्यावेत. आपल्या आकाराच्या ट्रॅक्टरवर अवजाराचा प्रत्येक किलो मालातून जातो.

तिसरा आठवडा: प्रत्यक्ष हातात

कागदावर अरुंद ग्रॅपल जिंकला, तरी बकेटवरचा पंजा मन सोडत नव्हता. एक वस्तू कमी, अवजार बदलायचा त्रास नाही. एका मित्राकडे तो होता, दोन दिवसांसाठी आणला.

काटेरी झुडपांच्या ढिगात बकेट घातली आणि पंजा मिटला. पकड झकास. उचलून पंचवीस-तीस मीटर नेलं आणि ओतलं, तर झुडपांबरोबर निम्मी बकेट माती. बकेटचा तळ बंद, त्यामुळे मुळांना चिकटलेली माती आणि पालापाचोळा सगळा आत. जाळायचा किंवा कुजवायचा ढीग अशा मातीने वाया जातो. शिवाय सीटवरून बकेटची पुढची धार दिसत नाही, त्यामुळे पंजा नेमका कुठे टेकतोय ते अंदाजानेच.

खालून मोकळ्या दातांच्या ग्रॅपलमध्ये माती दातांमधून गळून पडते. एकदा मनगटासारखा वर-खाली झटका दिला की उरलेलीही निघून जाते. झुडपांसाठी हा फरक फार मोठा आहे.

फोर्क आणि क्लॅम्पची जोडी एका सकाळी वापरून पाहिली. सरळ, लांब ओंडके एकावर एक रचायला तिच्यासारखं काही नाही, फोर्क ओंडक्याखाली अलगद सरकतात. पण झुडपं दोन फोर्कच्या मधून निसटतात आणि दगड तर धरताच येत नाही. ज्याचं काम फक्त लाकडाचं आहे त्याने याच जोडीचा विचार करावा. माझं तसं नाही.

अरुंद ग्रॅपल घ्यायचं पक्कं केलं.

पाचवा आठवडा: तिसरी लाइन

ग्रॅपल आला, पण लोडरच्या दोन लाइन उचलणं आणि वळवणं यातच जातात, जबडा हलवायला स्वतंत्र तेल लागतं. इथे तीन रस्ते होते. ट्रॅक्टरच्या मागच्या रिमोटपासून (हायड्रॉलिक तेलाच्या जोडणीपासून) लांब पाइप पुढे आणणं सगळ्यात सोपं, पण प्रत्येक वेळी जॉयस्टिक सोडून दुसऱ्या लिव्हरला हात घालावा लागतो. दुसरा डायव्हर्टर व्हॉल्व्ह. तो बकेट वळवायच्या लाइनमधलं तेल बटण दाबल्यावर जबड्याकडे फिरवतो. स्वस्तात काम होतं, पण वळवणं आणि मिटणं एकाच वेळी जमत नाही. तिसरा म्हणजे स्वतंत्र थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह.

झुडपांत दात खुपसताना ग्रॅपल मागे वळवत वळवत जबडा मिटवावा लागतो, तरच भारा नीट गोळा होतो. डायव्हर्टरवर हे दोन टप्प्यांत करावं लागतं आणि तेवढ्यात निम्मा भारा निसटतो. म्हणून स्वतंत्र व्हॉल्व्ह घेतला.

बसवताना पाइप जोडण्याआधी तीन पोर्ट नीट ओळखा: पी म्हणजे पंपाकडून येणारं तेल, टी म्हणजे टाकीत परत जाणारं, पीबी म्हणजे पुढच्या व्हॉल्व्हला जाणारं. टी थेट टाकीतच गेला पाहिजे. तो आणि पीबी उलटे लागले तर व्हॉल्व्हच्या परतीच्या बाजूला नको तेवढं प्रेशर चढतं आणि सील जातात. मी प्रत्येक पाइपला रंगीत टेप गुंडाळला, मामांनी दुसऱ्यांदा तपासला, मगच इंजिन सुरू केलं.

पंप मिनिटाला २० लिटर देतो. सिलिंडरचा स्ट्रोक (दांड्याची चाल) २० सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण मिटायला ०.३९ लिटर तेल. पूर्ण आरपीएमवर सव्वा सेकंद, कमी रेसवर तीनेक सेकंद. मी मुद्दाम कमी रेसवरच वापरतो, हात बसेपर्यंत हा वेग बरा.

पाइप जोडायचे कपलर चपट्या तोंडाचे घेतले, पुसायला सोपे आणि धूळ आत जात नाही. काढताना इंजिन बंद करून बटण दोन्हीकडे दाबायचं, प्रेशर उतरतं. सुटा ग्रॅपल उन्हात पडला की आतलं तेल फुगतं आणि कपलर हाताने बसतच नाही, म्हणून तो सावलीत ठेवतो. गळती शोधायला कधीही हात फिरवू नका, बारीक छिद्रातून येणारं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

सहावा आठवडा: पहिला ओंडका

३० सेंटीमीटरचा ओंडका, आडवा पडलेला. दात खाली घातले, जबडा मिटला. साल चरचरली आणि दातांची टोकं बोटाच्या पेराएवढी आत गेली. उचलायला लागलो तशी डावी बाजू हळूहळू खाली झुकली आणि ओंडका जबड्याभोवती फिरून टोकाने जमिनीला टेकला. एकच जबडा असल्याने मध्य चुकला की असं होणारच. खाली ठेवला, जाड टोकाकडे वीतभर सरकून पुन्हा धरला. बुंध्याकडची बाजू जड असते, तोल लांबीच्या बरोबर मध्यावर नसतो. दुसऱ्या वेळी ओंडका आडवा, सरळ, जसा हवा तसा वर आला.

दहाव्या ओंडक्यापर्यंत नजर बसली.

मागे तोल सांभाळणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, मात्र पहिल्या दिवसापासून लावा. मी थ्री पॉइंट लिंकेजवर ३०० किलोची पेटी लावली आहे. तिच्याशिवाय एकदाच थोडं उचलून बघितलं आणि मागची चाकं हलकी झालेली सीटवर लगेच जाणवली. आपल्या बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. मागची चाकं हलकी म्हणजे उतारावर ब्रेक गेला. म्हणून फोर व्हील ड्राइव्ह लावलेला, माल गुडघ्याच्या उंचीवर, रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान) उभा आणि पट्टा बांधलेला. यात मी सूट घेत नाही.

आठवा आठवडा

एक दोष सापडला. ओंडका धरून लांबवर नेताना, पाच-सहा मिनिटांत पकड थोडी सैल होते. पाइप, कपलर, सिलिंडरचे सील सगळे तपासले, कुठे गळती नाही. तेल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (आत सरकणाऱ्या दांडीच्या फटीतून) थोडं थोडं मागे सरकत होतं. स्पूल व्हॉल्व्हमध्ये एवढं चालायचंच. मामांनी सिलिंडरलाच पायलट चेक व्हॉल्व्ह लावायला सांगितलं. तो बटण दाबल्याशिवाय तेल परत सोडत नाही आणि पाइप फुटला तरी जबडा उघडत नाही. लावल्यावर ओंडका धरून इंजिन बंद केलं आणि जबड्यावर खडूने खूण केली. अर्ध्या तासाने खूण जागची हललेली नव्हती.

बुडख्यांबद्दल एवढंच सांगतो. एका कोपऱ्याच्या दाताने बुडखा उपटायला जाऊ नका. सगळा जोर लोडरच्या एकाच भुजेवर येतो आणि ती पिळवटते. आधी मुळं कापून मोकळी करायची, मग मधल्या दातांनी.

सिलिंडरचे दोन्ही पाइप फांद्यांत अडकायची भीती आहे, त्यामुळे पुढचं काम त्यांच्यावर पत्र्याचं आवरण बसवण्याचं. माप घेऊन झालंय: जबडा पूर्ण उघडा असताना पाइपला वळायला ९ सेंटीमीटर जागा लागते आणि आवरणाचा मागचा कोपरा नेमका तिथेच येतोय. तो कापून गोल करायचा आहे.