दोऱ्याचे तीन वेढे

वृद्धाश्रमाच्या तपासणीला मी सकाळी सहाच्या आत पोचते, तेही न कळवता. रात्रपाळी संपत आलेली असते, दिवसपाळी यायची असते आणि त्या अर्ध्याएक तासात जागा आहे तशी दिसते. फिनेलचा वास उशिरा येतो. त्याच्या आधी जो असतो, तो खरा.

त्या दिवशी तसा काही वास नव्हता. जागा चांगलीच होती. चादरी कोरड्या. बेल प्रत्येकाच्या हाताशी, पलंगामागे गुंडाळून ठेवलेली नाही. आगीचा दरवाजा खुर्ची लावून उघडा ठेवलेला नाही (हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आधी ती खुर्चीच शोधते). औषधांचा फ्रीज 5 अंशांवर होता, 2 ते 8 च्या मधे असायला हवा. न्हाणीघरातल्या नळाखाली थर्मामीटर धरला, 42. पाण्याचं एक त्रांगडं असतं. टाकीत ते 60 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर त्यात लिजिओनेला, म्हणजे न्यूमोनिया करणारे जंतू वाढतात. आणि तेच पाणी तसंच नळाला आलं तर काही सेकंदांत खोलवर भाजतं, त्यात म्हातारपणी कातडी पातळ झालेली. म्हणून मधे गार-गरम मिसळणारा व्हॉल्व्ह लागतो. तो होता आणि चालूही होता. दहा वाजेपर्यंत माझ्या वहीत वाईट म्हणावा असा एकही शेरा नव्हता.

मग कागद. वजनांची फाइल मी अकराच्या सुमारास पाहिली. दर महिन्याला, प्रत्येकाचं, एकही रकाना रिकामा नाही. मी बरोबरची खूण केली आणि पुढची फाइल ओढली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्यात माझी हुशारी फारशी नव्हती.

जेवणाच्या वेळी मी काही विचारत नाही, एका कोपऱ्यात बसते. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या मदतीने तयार झालेली ‘सोफी’ नावाची निरीक्षणाची पद्धत आहे. ज्यांना आपलं म्हणणं शब्दांत सांगता येत नाही, अशा मोजक्या माणसांवर नजर ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी लिहायचं : मूड कसा आहे, कशात गुंतलीत, त्यांच्याशी कोण बोललं आणि कसं बोललं. पहिली दहा मिनिटं भयंकर कंटाळवाणी जातात. त्यानंतर दिसायला लागतं.

मी निवडलेल्यांत सात नंबरच्या आजी होत्या. (खोलीच्या नंबरावरून माणसाला हाक मारणं मला आवडत नाही, पण इथे नाव लिहायचं नाही म्हणून तोच नंबर वापरतेय.) स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला, बोलणं जवळपास थांबलेलं. चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेल्या. उजव्या हातात चमचा आणि त्याच हाताच्या अनामिकेत अंगठी. घास उचलताना त्या मधलं बोट आणि करंगळी अनामिकेवर घट्ट दाबून धरत होत्या. मला आधी संधिवात वाटला. तिसऱ्या की चौथ्या घासाला बोटं जरा सैल पडली आणि अंगठी सरकून पेरावर आली. आजींनी चमचा ठेवला, डाव्या हाताने अंगठी मागे ढकलली, पुन्हा चमचा उचलला. दोन घासांनी तेच. मग त्यांनी तोंडातून कवळी काढली, कागदी रुमालात नीट गुंडाळली आणि ताट लांब सारलं. निम्म्याहून जास्त जेवण तसंच होतं.

मावशी आल्या, प्रेमाने म्हणाल्या, “झालं का आजी? शहाण्या माझ्या,” आणि ताट घेऊन गेल्या. जेवणाच्या नोंदीत नंतर पाहिलं तर लिहिलं होतं : ‘जेवल्या’.

मी आजींपाशी जाऊन बसले, हात हातात घेतला. अंगठीच्या आतल्या बाजूने दोरा गुंडाळलेला होता. खालचा वेढा पार मळून काळपट पडलेला, त्यावरचा करडा आणि सगळ्यात वरचा जवळजवळ पांढरा. एकावर एक तीन थर, तीन वेगवेगळ्या वेळचे, आणि तरीही अंगठी सैलच.

परत जाऊन फाइल काढली. आजींची सहा महिन्यांची वजनं : 54.2, 54.0, 54.3, 54.1, 54.2, 54.0. सकाळी याच ओळीवरून माझी नजर फिरली होती. आता वाचली तेव्हा जाणवलं की पान उलटलं तरी सगळ्यांची वजनं अशीच आहेत. शंभर-दोनशे ग्रॅम वर, शंभर-दोनशे ग्रॅम खाली. म्हाताऱ्या माणसांची वजनं इतकी गुणी नसतात. कोणाला ताप येतो, कोणाच्या पायावर सूज चढते, कोणी आठवडाभर तोंडाला कुलूप लावतं. काटा खरा असेल तर आकडे हलतात.

“वजनाची खुर्ची कुठे असते?” मी विचारलं.

जिन्याखाली होती, दोन मोडक्या वॉकरांच्या मागे. बाहेर ओढली तेव्हा फरशीवर चाकांचे चार स्वच्छ ठिपके राहिले, बाकी सगळी धूळ. बटण दाबलं, काही नाही. मागचं झाकण काढलं तर सेल फुटून त्यांची पांढरी भुकटी पट्ट्यांवर चढली होती. एका रात्रीत असं होत नाही. दुसरा काटा होता, पण उभं राहायचा. आजींना उभं राहता येऊन जमाना झाला होता.

व्यवस्थापकबाईंचा चेहरा खरोखर उतरला. त्यांना माहीत नव्हतं, यावर माझा आजही विश्वास आहे. सिस्टरना मात्र माहीत होतं. खोलीचं दार लावून घेतल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

“काटा बंद पडला तेव्हा दोनदा सांगितलं, मॅडम. मग राहिलं. दर महिन्याला मागचा आकडा बघून जरा इकडेतिकडे करून लिहायचे. रकाना रिकामा ठेवला तर तुम्हीच लोक शेरा मारता.”

मी काही बोलले नाही, कारण ते खरं होतं. रिकाम्या रकान्याला आम्ही लाल शाई लावतो. भरलेल्या रकान्याला खूण करून पुढे जातो, जशी मी तीन तासांपूर्वी गेले होते.

सेल आणायला माणूस पिटाळला. तोवर टेप काढून आजींच्या दंडाचा घेर घेतला. वजन करता येत नसेल तेव्हा हा जुना, भरवशाचा उपाय आहे : कोपर आणि खांदा यांच्या मधोमध 23.5 सेंटिमीटरच्या खाली घेर भरला तर माणूस बहुधा अंगाने कमी पडलेला असतो. आजींचा 22.4 भरला. पट्ट्या घासून, नवे सेल घालून खुर्ची चालू झाली. आधी मी बसले. माझं वजन मला माहीत आहे, दुर्दैवाने काटा बरोबर निघाला. मग आजी : 47.6.

पहिल्या आकड्यापासून साडेसहा किलोंवर, म्हणजे बारा टक्के. कुपोषणाचा धोका ओळखायला ‘मस्ट’ नावाची एक चाळणी आहे, ‘बापेन’ या ब्रिटिश संस्थेने 2003 मध्ये आणलेली. तीन ते सहा महिन्यांत न ठरवता वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं की तेवढ्यावरच त्या चाळणीत दोन गुण पडतात, आणि दोन म्हणजे जास्त धोका. चाळणी फाइलमध्ये दर महिन्याला भरलेली होती. दर महिन्याला शून्य. चुकीचं वजन घातल्यावर दुसरं काय येणार?

मग कवळी. वजन उतरलं की हिरड्याही आक्रसतात, कवळी हलायला लागते, हलली की टोचते आणि टोचली की माणूस कमी खातो. आजींच्या खालच्या हिरडीवर वालाच्या दाण्याएवढी जखम होती. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडात कोणी बॅटरी मारून पाहिलं नव्हतं.

रात्रपाळीच्या मावशींना मी फोन करून बोलावून घेतलं. झोपेतून उठून आल्या, घाबरलेल्या. दोरा कोणी गुंडाळला, एवढंच विचारलं.

“मीच. पहिल्यांदा अंघोळ घालताना अंगठी पाण्यात पडली. उद्या हरवली तर नाव आमचंच येणार ना. म्हणून दोरा लावला आणि वहीत लिहिलं.”

“कुठल्या वहीत?”

मौल्यवान वस्तूंच्या. ती वही तपासणीच्या यादीत असते, पण तिच्यात आम्ही फक्त सह्या बघतो. मावशींनी पान काढून दिलं. ‘सात नंबर. अंगठी सैल. दोरा लावला.’ पाच आठवड्यांनी : ‘अंगठी परत सैल. दोरा वाढवला.’ त्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा तेच. खाली सही, शेजारी साक्षीदाराची सही. तारीख, वेळ, सगळं जिथल्या तिथे. आजींच्या उतरत्या वजनाची खरी नोंद त्या इमारतीत होती, फक्त ती चोरीच्या भीतीने ठेवलेल्या वहीत होती.

“वजन कमी होतंय असं वाटलं नाही?” मी विचारलं.

“वाटलं की. उचलताना कळतंच. पण वजनाचं सिस्टर बघतात.”

संध्याकाळपर्यंत थांबून उभं राहू न शकणाऱ्या नऊही जणांची वजनं करून घेतली. आणखी तिघांची पाच टक्क्यांहून जास्त उतरलेली निघाली. एका आजोबांचं वाढलं होतं आणि त्यांना पाहून व्यवस्थापकबाई जरा सुखावल्या. मी मोज्याच्या वर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. ते पाणी होतं. डॉक्टरांना त्याच रात्री बोलावलं.

अहवाल लिहायला बसले तेव्हा मागचा अहवाल शेजारी घ्यावा लागला. तोही मीच केलेला, अकरा महिन्यांपूर्वीचा. ‘वजनाचा काटा उपलब्ध आहे का?’ या प्रश्नापुढे माझ्या अक्षरात ‘होय’. उपलब्ध होताच तो, चाकांवर उभा होता. बटण दाबून पाहिलं होतं का, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. नव्या अहवालात हे वाक्य घालू की नको यावर बराच वेळ गेला. शेवटी घातलं. वरिष्ठांनी त्याखाली पेन्सिलीने ‘आवश्यक आहे का?’ असं लिहून परत पाठवलं. मी तसंच ठेवलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा गेले. खुर्ची जिन्याखालून निघून सिस्टरांच्या खोलीत आली होती. आजी 48.3 वर होत्या. नवी कवळी झाली होती, पण ती त्यांना पसंत नव्हती; रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवत होत्या आणि मऊ जेवण हिरड्यांनीच खात होत्या. वजनाच्या फाइलमध्ये एका महिन्याचा एका बाईंचा रकाना रिकामा होता. शेजारी लिहिलं होतं : ‘ताप. वजन घेतलं नाही.’